अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी अंगाई: एसएनसीयूतल्या आईबापांनी कुठून सुरुवात करावी

बाळ सातव्या-आठव्या महिन्यातच झालं, ग्रामीण रुग्णालयातून १०८ नं जिल्ह्याच्या ठिकाणी एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, हलवलं, आणि आता ते नळ्या लावून वॉर्मरखाली नाहीतर काचेच्या पेटीत निजलंय. आई बाळंतिणींच्या वॉर्डात, बाप बाहेर कडुनिंबाखाली. आपल्या हाती आता काहीच उरलं नाही, असं दोघांनाही वाटतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यांना समजावून सांगणाऱ्या आशाताईंना आणि एसएनसीयूत नव्यानं रुजू झालेल्या सिस्टरांनाही तो कामी येईल. मी अशा वॉर्डात आयांसोबत बसते. छातीला लावलेल्या बाळासाठी हलक्या आवाजात गाणं कोणत्याही आईबापाला जमतं. ते कसं करायचं आणि कुठे थांबायचं, तेवढं सांगते.

आधी अपेक्षा ठरवून घ्या

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली. हा आकडा जगात सर्वांत मोठा आहे. म्हणजे तुमच्याच नशिबी हे आलं असं नाही, आणि आईनं काही चुकीचं खाल्लं किंवा वजन उचललं म्हणूनच झालं, असंही धरून बसू नका. आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास कानावर येते: सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. हे खरं नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

गाण्यानं फुप्फुसं पिकत नाहीत, जंतुसंसर्ग हटत नाही, वजन आपोआप वाढत नाही. मग काय होतं? न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल वैद्यकीय केंद्रातल्या जोआन लोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ रुग्णालयांतल्या २७२ बाळांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. आईबापांनी निवडलेलं त्यांचं स्वतःचं गाणं अंगाईच्या चालीत प्रत्यक्ष म्हटलं, तेव्हा बाळाचे ठोके संथ झाले आणि आईबापांचा ताणही कमी झाला. २०१६ मध्ये संगीतोपचाराच्या १४ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यांत सर्वांत ठळक फरक बाळाच्या श्वासाच्या गतीत आणि आईच्या काळजीत दिसला. पुढे पाच देशांत दोनशेवर कुटुंबांसोबत मोठी चाचणी झाली, तीत मात्र आई-बाळाच्या जवळिकीत मोजता येण्याजोगा फरक पडला नाही. कोक्रेन ही संस्था जगभरचे अभ्यास एकत्र तपासते. तिच्या २०२३ च्या आढाव्यातही ठोके संथ होतात, पण ऑक्सिजनची पातळी वाढत नाही, असंच निघालं.

हे सगळं वाचून माझं मत असं झालं आहे की बाळाला थोडा निवांतपणा मिळतो आणि आईला मोठा आधार मिळतो. एवढ्यासाठी गायलाच हवं. पण कोणी संगीतानं बाळ हुशार होतं म्हणून पैसे मागत असेल, तर देऊ नका.

खरा संगीतोपचार हा प्रशिक्षित माणसाचा व्यवसाय आहे. आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयांत असा माणूस सहसा भेटत नाही. पण त्या उपचाराच्या मुळाशी जी गोष्ट आहे, ती म्हणजे आईबापाचा आवाज. त्याला पदवी लागत नाही.

सिस्टरांना विचारा, आठवडे मोजा

पहिल्या दिवशीच गायला बसू नका. बाळाची तब्येत स्थिर आहे का, त्याला बाहेर काढता येईल का, हे डॉक्टर किंवा सिस्टर सांगतील. "आम्ही बाळाशी हळू बोललं, गुणगुणलं तर चालेल का?" एवढंच विचारा. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. नाही म्हणाले तर कधी चालेल ते विचारून ठेवा.

मग आठवडे मोजा. जन्म झाला तेव्हा किती आठवडे भरले होते, त्यात जन्मानंतरचे आठवडे मिळवायचे. २९ आठवड्यांचं बाळ तीन आठवड्यांचं झालं की ते ३२ चं धरायचं. पोटातल्या बाळाला साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून ऐकू यायला लागतं. पण ऐकू येणं वेगळं आणि ते झेपणं वेगळं. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाला स्थिर हाताचा स्पर्श आणि अगदी हळू दोन-चार शब्द पुरेत. २८ ते ३२ मध्ये मिनिट-दोन मिनिटं गुणगुणावं. ३२ नंतर शब्दांचं गाणं, तेही हळूहळू वाढवत. हे अंदाजाचे टप्पे आहेत. तुमचं बाळ यापेक्षा नाजूक असेल तर त्याच्याच कलानं चाला.

आत जाताना कोपरापर्यंत हात साबणानं नीट धुवा, अंगठी आणि घड्याळ काढा. बांगड्याही काढाव्या लागतात. ओल्या बाळंतिणीनं हात मोकळे ठेवायचे नसतात म्हणून घरची मोठी माणसं नाराज होतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. बांगड्यांत जंतू अडकतात हे झालंच. शिवाय काचेच्या पेटीवर बांगडी आपटली की आत केवढा आवाज होतो, ते बाहेरून कळतच नाही. बाळ मात्र एकदम दचकतं.

गाण्याआधी शांतता

याच पायरीवर सगळ्यांत जास्त फायदा आहे आणि हीच पायरी सगळे ओलांडून जातात. नवजात बाळांच्या कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा, अशी शिफारस अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं १९९७ सालीच केली. आपलं साधं बोलणंच ६० च्या आसपास जातं. त्यावर मॉनिटरचे अलार्म, स्टीलच्या ट्रेची खणखण, पाय ओढत फिरणारं स्टूल, खिशात वाजणारा फोन. अशा गलबल्यात गाणं मिसळलं तर बाळासाठी तो आणखी एक आवाजच.

म्हणून फोन बाहेर बंद करून ठेवा. पेटीवर दुधाची वाटी, पर्स, फाइल काही ठेवू नका. पेटीची दारं बोटानं धरून हळू लावा. आजी-मावशी आल्या की काचेवर टिचकी मारून बाळाला उठवायला बघतात, त्यांना प्रेमानं थांबवा. सिस्टरांना एक विनंती: दुपारचा एखादा तास दिवे मंद आणि बोलणं कमी ठेवता आलं, तर त्याच तासात आयांना गाण्यासाठी बसवा. फोनमध्ये आवाज मोजायचं फुकट ॲप मिळतं. त्याचा आकडा अचूक नसतो, पण आपल्या वॉर्डात कोणत्या वेळी गोंगाट वाढतो हे त्यावरून चांगलं समजतं.

गाणं कोणतं?

तुमचं. आईच्या तोंडी जे बसलेलं आहे ते. मेळघाटातल्या आईला कोरकू येत असेल तर कोरकूत, भामरागडच्या आईला माडियात, तांड्यावरच्या आईला गोरमाटीत, सिरोंच्याकडे तेलुगूत, नाहीतर आपल्या वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत. सिस्टरांना समजत नाही म्हणून मराठी किंवा हिंदी गाणं शोधत बसू नका. पोटात असताना बाळानं आईची जी बोली ऐकली, तिचीच लय त्याच्या ओळखीची असते.

चाल संथ हवी, ओळी छोट्या आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या, आवाज खालच्या पट्टीतला. एकदम वर चढणारी तान नको, जोरदार सम नको. जात्यावरच्या ओव्या या कामाला फार चांगल्या, कारण त्यांत दोनचारच सूर असतात आणि श्वास घ्यायला जागा असते. सहा मात्रांची झुलती चालही शोभते. पाळण्याची गाणी तर आहेतच. भुलाबाईची गाणी किंवा खंजिरीवरची भजनं आवडत असतील तर त्यांनाही मनाई नाही, फक्त वेग निम्मा करा, आणि खंजिरी, टाळ, टाळ्या बाहेर ठेवा. मूळची अंगाई नसलेलं गाणंही संथ म्हटलं की अंगाई होतं. बारसं व्हायचं असेल तर नावाच्या जागी बाळा म्हणा, माय म्हणा, घरात जे लाडाचं असेल ते.

गाणं आठवत नसेल तर माहेरी फोन लावा. गावातल्या म्हाताऱ्या बायांकडे ओव्यांचा साठा असतो. लेकीच्या लेकरासाठी विचारलं की त्या भरभरून सांगतात.

आणि आता सर्वांत जास्त ऐकू येणारी अडचण. "मले कोठी गानं येते ताई, माहा आवाज फाटका हाय, लेकरू भेईन ना!" धारणीकडची एक आई मला हेच म्हणाली होती. मी तिला गायला सांगितलंच नाही. तोंड मिटून नुसतं "हं... हं..." कर म्हटलं, बाळ छातीवर असताना. थोड्या वेळानं तिची तिलाच चाल सापडली. बाळाची बोटं आधी ताठ फाकलेली होती. ती एकेक करून मिटली आणि आईच्या लुगड्याची कड त्यांनी धरली. मॉनिटरवरचा आकडा हलला की नाही, ते मी पाहिलंसुद्धा नाही. आवाज सुरेल असायची गरज नसते. मिटल्या तोंडाच्या हुंकाराची थरथर छातीच्या हाडांतून थेट बाळापर्यंत जाते, आणि पोटात असताना आईचा आवाज त्याच्यापर्यंत असाच पोचत होता.

छातीवर घेऊन गाणं

उघड्या छातीवर बाळाला धरून ठेवण्याच्या पद्धतीला केएमसी म्हणतात, म्हणजे कांगारू मातृसेवा. कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे या डॉक्टरांनी १९७८ साली ती सुरू केली, कारण तिथेही पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीचे निकाल २०२१ मध्ये आले. जन्मानंतर लगेच केएमसी सुरू केल्यावर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू एक चतुर्थांशानं कमी झाले. दिवसाचे ८ ते २४ तास केएमसी द्या, असं जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते. म्हणून माझा आग्रह असा की केएमसी मुख्य, गाणं त्याच्या सोबतीला. गाण्यापायी केएमसीचा वेळ कमी करू नका.

तुमचं जेवण, पाणी, लघवी उरकून घ्या, कारण एकदा बसलात की निदान तासभर उठायचं नाही. पाठीमागे उशा लावून अर्धवट रेलून बसा. बाळाच्या अंगावर लंगोट, टोपी आणि मोजे एवढंच असावं. सिस्टर बाळाला दोन्ही स्तनांच्या मधोमध उभं ठेवतील. डोकं एका कुशीला आणि किंचित वर, म्हणजे श्वासनळी दबत नाही. पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून धुतलेलं मऊ सुती लुगडं गुंडाळून बांधा.

पहिली दहा मिनिटं काहीही म्हणू नका. बाळाला नवी जागा अंगवळणी पडू द्या, तुमचाही श्वास खाली बसू द्या. बाळाची पाठ तुमच्या हाताखाली वरखाली होते, ती लक्षात घ्या. मग बाळ श्वास सोडतं त्या वेळी एक हुंकार द्या आणि थांबा. पुढच्या दोन-तीन श्वासांत काही बदल दिसतो का ते बघा. बाळ निवांत असेल तर पुन्हा. असं जमलं की एक ओळ, मग थांबणं, मग तीच ओळ. सारखं गात राहायचं नाही, मधली विश्रांती बाळाला लागते. आवाज इतका हलका ठेवा की शेजारच्या खाटेवरच्या बाईला शब्द कळू नयेत.

एका वेळी एकच गोष्ट. गाताना थोपटणं, झुलवणं, डोळ्यांत बघून हसणं, सगळं एकदम केलं तर एवढ्याशा जिवाला झेपत नाही. हात स्थिर ठेवा. बाळ नुकतंच चोखायला शिकत असेल तर दूध पाजताना गाऊ नका. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ घालण्यातच त्याची सगळी शक्ती जाते. बाळ ३२ आठवड्यांच्या पुढचं असेल तर दहा-पंधरा मिनिटं, त्याआधी वर सांगितलं तेवढंच गाऊन झालं की आवाज हळूहळू कमी करत थांबा, आणि केएमसी तशीच चालू ठेवा. दिवसातून एकदोनदा एवढं पुष्कळ झालं.

बाळ काय सांगतंय

चेहरा सैल, हात तोंडाकडे, मुठी अलगद मिटलेल्या, श्वास एकसारखा, डोळे शांतपणे उघडे किंवा गाढ झोप: चालू ठेवा.

बोटं ताठ फाकणं, पंजा पुढे करून थांब म्हटल्यासारखा धरणं, कपाळाला आठ्या, तोंड फिरवणं, लागोपाठ उचक्या, शिंका किंवा जांभया, पाठीची कमान: गाणं थांबवा, हात स्थिर ठेवा, वाट बघा. यात बाळ तुम्हाला नाकारत नाही. त्याचं पोट भरलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. रंग निळसर किंवा पांढुरका पडला, श्वास थांबला, मॉनिटरचा अलार्म वाजला, तर लगेच सिस्टरांना हाक मारा.

मोबाइलवर लावलं तर?

हा प्रश्न बाप जास्त विचारतात. जिनिव्हाच्या रुग्णालयात बाळांसाठी खास रचलेलं संगीत हेडफोननं ऐकवून मेंदूवरचा परिणाम तपासला गेला. तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्या संगीतात वीणेच्या जातीचं हार्प, घंटा आणि आपली गारुड्याची पुंगीसुद्धा होती, आणि बाळांनी पुंगीला चांगला प्रतिसाद दिला होता. पण तिथे आवाजाची पातळी मोजलेली होती आणि डॉक्टर शेजारी होते. ते वाचून यूट्यूबवर पुंगी शोधू नका. फोन पेटीत ठेवू नका, बाळाच्या कानाजवळ धरू नका, इअरफोन तर कधीच लावू नका. पेटीच्या भिंतींवरून आवाज परततो आणि वाढतो, मध्येच जाहिरात किंचाळते, आणि बाळाला नकोसं झालं हे फोनला कळत नाही.

आई दूर असेल तर निराळा मार्ग आहे. सिझेरियन होऊन आई तालुक्याला अडकली आणि बाळ नागपूरला पाठवलं, असं आपल्याकडे सारखं होतं. अशा वेळी आईनं बाहेर असलेल्या बापाला फोनवर चाल ऐकवावी, बापानं ती शिकून घ्यावी, आणि आत जाऊन बाळाला छातीवर घेऊन गुणगुणावी. केएमसी बापालाही देता येते. पुरुषाचा खर्ज तर याला उत्तम. मात्र तंबाखू-खर्ऱ्याचं तोंड स्वच्छ धुऊन जा, आणि विडी ओढली असेल तर कपडेही बदला.

आईबापाचा ताण

गाण्याचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. पेटीजवळ बसलेली आई दिवसभर मॉनिटरचे आकडे वाचत असते. गुणगुणायला लागली की तिचा स्वतःचा श्वास लांबतो, खांदे खाली येतात, नजर आकड्यांवरून बाळाकडे जाते. पान्हा फुटायला जे संप्रेरक लागतं, ते भीतीत आणि ताणात अडतं. २०१२ साली अमेरिकेत अशाच बाळांच्या १६२ आयांवर अभ्यास झाला. दूध काढताना संगीत आणि मन सैल करणाऱ्या सूचना ऐकणाऱ्या आयांना इतरांपेक्षा जास्त दूध आलं. म्हणून वाटीत दूध काढायला बसाल तेव्हा आधी पाच मिनिटं आपल्या आवडीचं काहीही ऐका किंवा म्हणा. इथे मोबाइल चालतो, कारण हे गाणं आईसाठी आहे. दूध थेंबभर आलं तरी बाळाला वाटी-चमच्यानं किंवा नळीतून तेही देतात. वाया जात नाही.

बापाकडे कोणाचं लक्षच नसतं. कापूस वेचणीला आलेला, मजुरी बुडालेली, उसनवारी झालेली, आणि फाटकावर उभं राहून दर फोनला "बरं आहे" म्हणायचं. त्याला रोज पंधरा मिनिटं आत घेता आलं तर सिस्टरांनी घ्यावं. गाताना रडू आलं तर येऊ द्या. गळा दाटून आलेला आवाज बाळाला चालतो.

पण एक लक्षात ठेवा. एखाद्या आईला गावंसं वाटत नसेल तर तिला गळ घालू नका. "तू गात नाहीस म्हणून बाळ सुधारत नाही" हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघता कामा नये. आई बाळाकडे बघायलाच नको म्हणते, झोप नाही, जेवण नाही, सारखी रडते, जगून काय करू म्हणते, असं दोन आठवडे चाललं तर ते गाण्यानं भागणारं दुखणं नाही. डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

घरी आल्यावर

बाळ स्वतःच अंग काढून घ्यायला लागेपर्यंत केएमसी आणि गाणं चालू ठेवा. बहुतेक बाळं अडीच किलोच्या आसपास असं करतात. आशाताई ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात. नवजात बाळाची अशी घरपोच काळजी घेण्याचा रस्ता डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीतच घालून दिला. आशाताई आल्या की बाळाला छातीवर घेऊन दाखवा, बांधण्यात चूक असेल तर त्या सांगतील. बाळाच्या खोलीत टीव्ही नको. गणपती, पोळा किंवा लग्नाचा डीजे दारावरून जाणार असेल तर बाळाला घेऊन मागच्या खोलीत किंवा शेजारच्या गल्लीत जा. डीजेवाल्यांना आवाज कमी करा म्हणायला लाजू नका.

कानाची तपासणी मात्र टाळू नका. एसएनसीयूत राहिलेल्या बाळांना ऐकण्याच्या दोषाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि जंतुसंसर्गासाठी द्याव्या लागणाऱ्या जेंटामायसिन, अमिकासिन यांसारख्या औषधांचाही कानावर परिणाम होऊ शकतो. सुट्टी होतानाच ओएई किंवा बेरा ही कानाची चाचणी झाली का ते विचारा, झाली नसेल तर तारीख घ्या. ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही महिन्याच्या आत व्हायला हवी. घरी गाताना तुम्हीही लक्ष ठेवा. बाळाचं वय मोजताना जेवढे आठवडे लवकर जन्मलं तेवढे वजा करा. अशा हिशेबानं सहा महिन्यांचं झालं आणि तरी तुमच्या गाण्याकडे मान वळवत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, त्याच आठवड्यात घेऊन जा.